उलटं धरलं की कळतं

१० सप्टेंबर

माझं सगळं बदललं ते काल संध्याकाळी सव्वापाचला, डिचोलीच्या बसस्टँडवर, गौरवीनं तिच्या हातातली बालदी माझ्या हातात दिली तेव्हा. त्याआधी मी फक्त कॉलेज सोडलेला मुलगा होतो. आता माझ्याकडे काहीतरी आहे, आणि ते तिचं आहे.

बालदीला झाकण, झाकणाला तापल्या सुईनं पाडलेली भोकं. झाकण उचललं तर आत निळी शेवंड. समुद्रातली नव्हे, गोड्या पाण्यातली, लोक काचेच्या टाकीत हौसेनं पाळतात ती. क्रेफिश. बोटाहून थोडी लांब, आणि रंग असा की शाईची दौत सांडली असावी. दोन्ही डेंगे, म्हणजे पुढच्या नांग्या, वर उचलून माझ्याकडे बघत होती. मला आवडलं. मीही लोकांकडे असाच बघतो.

"सहा आठवडे सांभाळ," गौरवी म्हणाली. "मुरगावला मावशीकडे जातेय, शिपिंगच्या ऑफिसात काम शिकायला. नार्व्याला ठेवलं तर आमची आई मिरची-मीठ लावून तव्यावर घालेल."

"आणि माझी आई सोडेल?"

"तिला सांगितलंय मी. फोन केला होता चवथीला."

आईनं मला हे सांगितलं नव्हतं. गौरवी माझ्या घरी फोन करते, आई तो फोन माझ्यापासून लपवते, याचा अर्थ काय होतो ते मला कळतं. बायकांचं आपापसात ठरतं ते असंच ठरतं.

मग तिनं पाण्यात हात घालून ते क्रेफिश पाठीवर धरून उचललं, जराही न घाबरता, आणि शेपटीचं डावीकडचं पातं मला दाखवलं. पात्याला चंद्रकोरीसारखी खाच होती. "ही ह्याची खूण. शंभरात ओळखेन मी." त्या खाचेवरून तिनं अंगठा फिरवला. माझ्या अंगावर काटा आला, तिच्या नाही.

"नाव काय?"

"नाव नाही ठेवलेलं. नर की मादी तेच कळत नाही. ते तू बघून सांग. तुमच्याकडे तर कुर्ली उलटी केल्याशिवाय कुणी जेवत नाही." हसली. "मादी असली तर मी निळू ठेवणार. नर असला तर नाव तू ठेव."

बस लागली. चढता चढता म्हणाली, "श्रीनाथ म्हणतो मादीच आहे."

"कोण श्रीनाथ?"

"अरे, मुरगावचा. डॉकवर असतो. दादाचा मित्र."

दादाचा मित्र. ठीक आहे.

बालदी स्कूटरवर दोन पायांत धरून अस्नोड्यावरून कोरगावला आणली. एक थेंब सांडला नाही.

११ सप्टेंबर

घरामागच्या काजूच्या भट्टीत टाकी मांडली. फेणीचा मोसम मार्चात सुरू होतो, तोवर तिथं कुणी फिरकत नाही. काजूचे बोंडू मळायच्या दगडावर टाकी बरोबर बसली. लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा ठेवला, वर एक बल्ब टांगला. ही वहीही आता इथंच ठेवणार.

सकाळी बाबलीकाकाला बोलावलं. हा बाबांचा धाकटा भाऊ. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात. त्या मानशीवर जाळं लावून काका कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरतो. त्याच्याएवढ्या कुर्ल्या आमच्या गावात कुणी उलट्या केल्या नसतील. कुर्लीचं सोपं असतं. उताणी केली की पोटावर एक झाकण दिसतं. निमुळतं असलं तर दादलो, म्हणजे नर. रुंद, गोल असलं तर बायल. आमच्याकडे मूल धड बोलायच्या आधी हे शिकतं.

काकानं ते पाठीवर धरून उताणं केलं. शेपटी फडफडली, पाणी माझ्या तोंडावर.

"ह्याका झाकण खंय आसा?"

"शेपटीच झाकण समज."

काकानं डोळे बारीक केले. "रुंद नाय. निमुळती आसा. आणि डेंगे बघ केवढे. दादलो, मरे." मग म्हणाला, "पण ही कुर्ली नाय हां. मी कुर्लीचा सांगतंय."

दादलो तर दादलो. मला तेच हवं होतं, हे इथं लिहायला लाज कसली. नाव मी ठेवणार.

गौरवीला मेसेज केला: नर आहे. शंभर टक्के.

तिचं उत्तर लगेच आलं. "नक्की ना? श्रीनाथ म्हणतो शेपटीची रुंदी बघू नको, डेंगेही नको. पोटाखाली छोटे पाय असतात ना, त्यांच्या पहिल्या दोन जोड्या बघ. नराच्या कडक असतात, पुढे वळून चालायच्या पायांच्या मध्ये बसलेल्या. मादीच्या मऊ. उलटं धरलं की कळतं म्हणे."

म्हणे. ज्यानं आयुष्यात मानशीवर पाय ठेवला नाही तो मला शिकवणार. मी परत उलटं केलं नाही. करायची गरज नव्हती. लिहिलं: "काकानं बघितलंय. चाळीस वर्षं तेच करतोय. नर."

"बरं बाबा," तिनं लिहिलं. "तुझा शब्द."

माझा शब्द. हे तिनं स्वतःहून लिहिलंय. तीन वेळा वाचलं.

१४ सप्टेंबर

नाव सुचत नाही. 'सर्वेश' ठेवावंसं वाटतं. पण स्वतःचं नाव स्वतःच कसं द्यायचं.

आज पोई, म्हणजे पाव, आणायला गेलो तर पोदेराच्या बेकरीच्या दारात कॉलेजातला एक भेटला. विचारतो, यंदा परत ॲडमिशन घेतलीस का. म्हटलं, तुझ्या बापाला विचार. मग वाईट वाटलं, पण थोडंच.

ते प्रकरण इथं एकदा लिहून टाकतो. झूलॉजीचं प्रॅक्टिकल, दुसरं वर्ष. सर म्हणाले, निरीक्षण न करता आकृती काढणारा मुलगा म्हणजे तू. सगळे हसले. मी झुरळाचा ट्रे उचलून भिंतीवर मारला. मेण, टाचण्या, झुरळ, सगळं. गौरवी उठून उभी राहिली आणि म्हणाली, सर, तो वाईट नाही, त्याला राग येतो एवढंच, मी त्याच्या वतीनं सॉरी म्हणते. साठ जणांच्या वर्गात ती एकटी उभी राहिली.

प्रिन्सिपॉलनी मला लेखी माफी मागायला सांगितली. मी म्हटलं, माफी मागून झालीय माझ्या वतीनं. आणि निघून आलो. एका चिठ्ठीनं वर्ष वाचलं असतं, असं आई अजून म्हणते. पण मग तिनं जे केलं त्याला काय अर्थ राहिला असता?

१९ सप्टेंबर

गौरवीच्या स्टेटसला फोटो आहे. जेटीवर उभी, मागं खनिजाच्या बार्जी, केस वाऱ्यावर. फोटो काढणाऱ्याची सावली तिच्या पायापर्यंत आलीय. सावलीच्या डोक्यावर हेल्मेट आहे, डॉकवाले घालतात तसलं.

मेसेज केला: फोटो कुणी काढला?

"श्रीनाथनं. छान आलाय ना? अरे, सांगायचं राहिलं, ते क्रेफिश त्यानंच दिलंय मला. त्याच्याकडे जोडी होती, नर मेला म्हणून हे एकटं उरलं. म्हणून तर तो मादी म्हणतो. जपतोयस ना?"

म्हणजे बसस्टँडवरून मी जे दोन पायांत धरून आणलं ते त्याचं होतं.

मी उत्तर दिलं: "एकदम मजेत."

मग नाव सुचलं. श्रीनाथ.

२० सप्टेंबर

श्रीनाथचा पाइप काढून घेतला. लपायचं नाही. बल्ब दिवसभर चालू. खाणं बंद. बघू डॉकवरच्या माणसाची मिजास.

दुपारी हात घातला तर त्यानं बोट धरलं. करकचून. मी हिसडा दिला तरी सोडेना, तेव्हा मी दुसऱ्या हातानं त्याचा उजवा डेंगा धरला आणि पिळला. वाटलं होतं जोर लागेल. लागला नाही. खुंटीवरची टोपी काढावी तसा हातात आला. त्यानंच सोडून दिला की मी तोडला, कळलं नाही.

डेंगा दगडावर ठेवला. थोडा वेळ त्याची चिमटी आपोआप उघडत-मिटत होती. कोपऱ्यात तो एक डेंगा उंच धरून बसला. तरीही माझ्याचकडे बघत.

बोटाला हळद लावली. आईला सांगितलं, पत्रा लागला.

गौरवी आली की सांगेन, भांडला. कुणाशी म्हणून विचारलं तर बघू.

२१ सप्टेंबर

डेंगा मुंग्यांनी नेला.

२५ सप्टेंबर

त्याला काहीतरी रोग लागलाय. शेपटी पोटाशी घट्ट वळवून बसतो, सरळ करतच नाही. सारखा पोटाखालचे छोटे पाय हलवत राहतो, पंख्यानं वारा घालावा तसा. आज काचेतून खालून बॅटरी मारली तर पोटाखाली काळे दाणे चिकटलेले. मिऱ्यांसारखे, दोनेकशे तरी असतील. घोसच.

कुर्लीच्या पोटातली गाबोळी मला माहीत आहे. ती नारिंगी असते, भाताच्या मुदीसारखी, आणि ती बायलच्या झाकणात असते. हे काळं आहे, आणि हा दादलो आहे. गुरांना गोचिडी लागतात तसलं काही पाण्यातलं असणार.

श्रीनाथला गोचिडी. एकटाच हसलो.

मग वाटलं, गौरवी येऊन हे बघेल. म्हणेल, तुला सांभाळायला दिलं होतं, अशी घाण केलीस? त्यानं दिलेला असला तरी तिनं तो माझ्याकडे सोपवलाय. हा माझ्या हातात मेला तर श्रीनाथ जिंकला.

२८ सप्टेंबर

साफ केलं.

त्याला ओल्या फडक्यात पाठीवर धरलं आणि जुन्या टूथब्रशनं पोटाखालून घासलं. दाणे सुटायला तयार नाहीत. बारीक दोऱ्यांनी एकेक बांधल्यासारखा पक्का. शेपटी मिटून घेत होता, तर मी अंगठ्यानं ती उघडी धरली. पुढच्या बारीक पायांनी ब्रश ढकलत होता. एक डेंगा उरलेला, तो फडक्यात.

अर्धे गेले तेव्हा थोडा वेळ पाण्यात सोडला. पाण्यात जाताच त्यानं काय केलं, तर तळाशी पडलेले दाणे पायानं एकेक उचलून पोटाखाली परत घ्यायला लागला. मी बघतच राहिलो. आपली घाणसुद्धा गोळा करतो हा माणूस. परत काढला, परत घासलं. तळ कुलेरीनं चमचा-चमचा करून साफ केला आणि सगळं केळीच्या आळ्यात ओतलं.

शेपटीच्या अगदी मुळाशी दहाएक राहिले असतील, तिथं ब्रश पोचत नाही.

गौरवीचा मेसेज: "पोटाचा फोटो पाठव ना. श्रीनाथला दाखवते म्हणजे त्याचं तोंड बंद होईल."

लिहिलं: पाणी गढूळ आहे, नंतर.

४ ऑक्टोबर

आईशी भांडलो.

ती भट्टीत मोठं मडकं न्यायला आली. टाकीपाशी थांबली, पदर सावरून वाकली. हिला गावात सगळे सुमंगलाकाकी म्हणतात, आणि ही सगळ्यांच्या घरातलं सगळं ओळखते.

"ह्या खाता काय रे?"

"वेळ झाली की."

"वेळ कधी होता तुझी?" मग बराच वेळ बघत राहिली. "पोटाकडे कायतरी धरून बसलांसा. बायल मरे ही. पोटुशी बाईच अशी बसता."

"दादलो तो. काकानं बघितलाय."

"तुझ्या काकान स्वतःच्या बायलेक सात महिने झाले तरी वायू झालो म्हणून सांगलेलो." आई हसली. मला हसू आलं नाही. "आणि डेंगो खंय गेलो एक?"

"पडला."

"पडलो?" तिनं माझ्या बोटाकडे बघितलं. पत्र्याचा वण आता गेला होता, पण दोन बाजूंचे दोन ठिपके राहिले होते. "गौरवीन माका फोनावर काय सांगलेला ठाऊक आसा? म्हणाली, काकी, त्याच्या हातात कायतरी जितां देऊया, म्हणजे तो घराभायर येतलो, लोकांशी बोलतलो. बाकी तो चांगलो आसा म्हणाली."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. मडकं तिच्या हातून खाली पडलं, फुटलं नाही. आईनं ते उचललं आणि गेली.

औषध म्हणून दिला तर. मला. म्हणजे मी आजारी, आणि हा त्याच्या घरून आलेला काढा.

भट्टीला नवं कुलूप आणलं.

११ ऑक्टोबर

वाड्यावर दिवाळीला जाळायच्या नरकासुराचा सांगाडा उभा राहतोय. बांबूला कागद चिकटवायला बोलावलं, गेलो नाही.

श्रीनाथ जिवंत आहे. तीन आठवडे मी काही दिलं नाही, टाकीच्या काचेवरचं शेवाळ खाऊन राहिलाय. तसाच बसतो, शेपटी वळवून. मला आता त्याचा राग येत नाही, त्याच्या न मरण्याचा येतो. त्याला त्याच्या तोडीचा कुणीतरी भेटायला हवा.

१६ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहितो.

डिचोली बाजारात परशुरामचं माशांचं दुकान आहे. रंगीत मासे, टाक्या, पंप. बेळगावकडचा माणूस, टाइल्स बसवायला आला होता तो इथंच राहिला. म्हटलं, मला निळा क्रेफिश हवा. मोठा. नर. भांडणारा.

"भांडणारा कशाला ओ? कोंबडा न्हवं त्यो."

"आहे की नाही ते सांग."

त्यानं मागच्या टाकीत हात घालून एक काढला. तसाच शाईसारखा निळा, पण अंगानं दीडपट. दोन्ही डेंगे शाबूत, शेपटीची पाती पंख्यासारखी अखंड.

"नर आहे कशावरून?"

"डेंगं मोठं म्हणून नर, असं सगळी म्हणत्यात. तसं काय नसतंय. हे बघा की." त्यानं उताणा करून माझ्या तोंडासमोर धरला. टूथपिकनं दाखवलं. शेपटी सुरू होते तिथून पुढे वळलेल्या दोन जोड्या, पांढऱ्या, कडक, नखांसारख्या, चालायच्या पायांच्या मध्ये नीट मिटून ठेवलेल्या. "हे असलं की नर. बाईला हितं मऊ धागं असत्यात नुसतं. आणि मागच्या पायांच्या मधी तिळाएवढा एक गोल ठिपका. उलटं धरलं की आंधळ्याला पण कळतंय."

मी खिशातून पैसे काढले.

"घरात दुसरा हाय काय तुमच्या?"

"आहे."

"मग एकत्र सोडू नका. बाई असली आणि पोटाशी अंडी-पिल्लं असली तर ह्यो समदं साफ करतोय. बाईला पण ठेवत न्हाई."

"नर नसताना अंडी कशी येतील?"

"आधीचा नर असतोय की. येकदा झालं की बाई ते महिनोन्महिने साठवून ठेवतीया. काळ्या मिऱ्यांगत अंडी असत्यात बघा, पोटाला चिकटून."

मी पिशवी घेतली. स्कूटर म्हापशापर्यंत चुकीच्या रस्त्यानं गेली, मग वळवली.

भट्टीत आलो, कुलूप काढलं, हात धुतले. कशाला धुतले ठाऊक नाही. मग उचललं. चावलं नाही. उताणं केलं. गेल्या महिन्यात मी ह्याच हातात हेच पोट उघडं धरून घासलं होतं आणि बघितलं नव्हतं.

कडक काही नाही. मऊ धागे. मागच्या पायांच्या मध्ये तिळाएवढा ठिपका.

आणि शेपटीच्या मुळाशी, ब्रश पोचला नव्हता तिथं, पिल्लं. काचेसारखी, तांदळाच्या कणीएवढी, प्रत्येकाला दोन काळे डोळे. धाग्यांना धरून लोंबत होती. मोजली. नऊ.

निरीक्षण न करता आकृती काढणारा मुलगा.

१७ ऑक्टोबर

मोठा बालदीत आहे. गौरवीच्याच बालदीत.

सकाळी वाटाणे उकडले, साल काढून एक चिमटीनं तिच्यासमोर धरला. बराच वेळ घेतला नाही. मग एका डेंग्यानं घेतला. खाताना शेपटी थोडी सैल झाली, आणि एक पिल्लू सुटून काचेवर आलं, पुन्हा घाबरून आत गेलं. पाइप परत ठेवला. मागं मागं सरकत आत गेली.

गौरवीला लिहिलं: "मादी आहे. माझं चुकलं. डेंगा मी तोडला. दोनशे अंडी होती, ती मी…" इथपर्यंत लिहून पुसलं. मग लिहिलं: "मादी आहे, माझं चुकलं." तेही पुसलं. मग नुसतं "निळू" लिहिलं. अंगठा पाठवायच्या बाणावर ठेवून बसलो. आई दारात पेज घेऊन उभी होती, किती वेळ कोण जाणे. मला हाक मारली नाही. पेज पायरीवर ठेवून गेली.

उद्या पाठवतो. उद्या फोनच करतो. तोंडानं सांगितलेलं बरं.

१८ ऑक्टोबर, दुपार

तिचाच फोन आला.

"सर्वेश, तुला पहिल्यांदा सांगतेय हां, घरच्यांनंतर तूच. काल नार्व्याच्या देवळात नारळ ठेवला. माझा आणि श्रीनाथचा. डिसेंबरात लग्न."

मी म्हटलं, छान.

"आवाज का असा? सर्दी झालीय? बरं ऐक, उद्या रविवार. आम्ही दोघं कोरगावला येतो क्रेफिश न्यायला. आणि एक गंमत. काल देवळातून आल्यावर जेवताना सगळे बसले होते, त्याचे आईबाबा, माझे, दादा. श्रीनाथ परत सुरू झाला, ती मादीच आहे, मी दिलीय मला ठाऊक. मी सगळ्यांसमोर म्हटलं, सर्वेश म्हणाला नर म्हणजे नर. तो रागीट असेल, पण खोटं बोलणार नाही. पैज लावलीय. हरला तर लग्नात सगळ्यांसमोर तुझ्या पाया पडायचं त्यानं. ए, नरच आहे ना?"

पलीकडून एक पुरुष हसला आणि म्हणाला, "विचार विचार, कुर्लीवाल्याला विचार." वाईट हसला नाही. साधंच हसला. पण हसला.

"नरच," मी म्हटलं.

"नाव काय ठेवलंस?"

"उद्या सांगतो."

फोन ठेवल्यावर मी पायरीवर बसून विचार केला. शांतपणे केला, राग नव्हता. राग असता तर मी तो फोन भिंतीवर मारला असता. उद्या ती दोघं येणार. तो तिला उचलणार, उताणं करणार, तिळाएवढा ठिपका दाखवणार, नऊ पिल्लं दाखवणार. तुटलेल्या डेंग्याची खुंटी दाखवणार. मग गौरवी माझ्याकडे बघणार. ट्रे मारला तेव्हा तिनं जसं बघितलं होतं तसं नाही. सरांनी बघितलं तसं.

किंवा तो उचलेल, उताणं करेल, आणि तिथं दोन जोड्या असतील, पांढऱ्या, कडक, नखांसारख्या. रंग तोच. महिन्याभरात वाढला म्हणेन, चांगलं खायला घातलं म्हणेन. दोन्ही डेंगे शाबूत आहेत, शेपटीचं पातं न् पातं अखंड आहे, उलट आणलं होतं त्याहून चांगलं जनावर परत देतोय. ती कशाला ओळखेल. श्रीनाथ माझ्या पाया पडेल.

हिला खाडीत सोडता आली असती. वाटलं तसं. पण खाडी खारी. विहिरीत सोडली असती तर आईनं बघितलं असतं. आणि मी तिला काही करणार नाहीच आहे. दोघांना एका टाकीत ठेवतोय, एवढंच. नर आणि मादी एकत्र ठेवतातच. पुढचं त्यांचं त्यांनी बघावं.

पाइप काढून घेतला. तो आत ठेवला असता तर वेळ लागला असता.

बालदी टाकीच्या काठाला टेकवून कलती केली. मोठा पाण्यात उतरला, तळाला टेकला, मिशा हलवून वास घेतला. ती कोपऱ्यात गेली. शेपटी घट्ट मिटली आणि एक डेंगा उंच धरला. पहिल्या दिवशी बालदीत धरला होता तसा, फक्त तेव्हा दोन होते. तो तिच्याकडे वळला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत होती.

गौरवीला मेसेज केला: "उद्या श्रीनाथला म्हणावं, स्वतःच उलटं धरून बघ."

लगेच दोन निळ्या खुणा झाल्या, मग हसणारा चेहरा आला.

टाकीतून पाणी उडाल्याचा आवाज झाला. मी बल्ब काढून खिशात घातला. गरम होता, मांडीला भाजला. रिकामी बालदी उचलली, झाकण लावलं, भोकं वर करून. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.